काका इतकं हळू का ओततात

बाबा, तुम्ही दिलेल्या थर्मामीटरमुळे माझ्या बारा मेणबत्त्या वाया गेल्या. हे वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलं. आधी ‘खराब झाल्या’ असं लिहिलं होतं, पण त्यातून त्या आपोआप बिघडल्यासारखं वाटतं. आपोआप काही झालेलं नाही. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली आणि अजून तुमच्या हातची वस्तू माझं काम बिघडवते, याचा मला राग आला आहे. तो बरेच दिवस उतरत नाही, म्हणून लिहायला बसलो.

खोली तीच आहे, बोईसरची. ओटाही तोच. फक्त ओट्याच्या डाव्या बाजूला, जिथे आई पाण्याचा हंडा ठेवायची, तिथे आता माझं मेणबत्तीचं सामान असतं. सोयाबीनच्या तेलापासून काढलेलं मेण मिळतं, साबण किसल्यासारखे पांढरे तुकडे असतात त्याचे. कुरिअरने येतं. पातेल्यात पाणी उकळत ठेवायचं, त्यात तोटीचं भांडं ठेवून मेण वितळवायचं, मोगऱ्याचं किंवा सोनचाफ्याचं सुगंधी तेल घालून सावकाश ढवळायचं आणि मेण बेताचं निवलं की काचेच्या ग्लासात ओतायचं. वात मधोमध उभी राहावी म्हणून आइस्क्रीमच्या दोन काड्यांमध्ये पकडून ठेवायची. ऐकायला सोपं आहे. मी पॅकिंगला जातो तिथे आठ तास दुसऱ्याच्या मालावर लेबलं चिकटवतो. पिंपात काय आहे हे मला माहीत नसतं, लेबलावरचा वजनाचा आकडा खरा आहे का हेही माहीत नसतं. एक तरी वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत मी स्वतः करावी आणि तिच्यावर जे लिहिलेलं असेल ते खरं असावं, एवढ्यासाठी मी हे शिकायला घेतलं. बचत गटाच्या बायकांनी आईला सांगितलं, की पालघरच्या प्रदर्शनात टेबल मिळेल. आई म्हणाली, ‘कर. पण घरात कंपनीच्या गेटसारखा वास आला तर ग्लास उचलून गटारात टाकीन.’

पहिल्या सहा मेणबत्त्या निवल्यावर मधोमध खचल्या, वातीभोवती बोट जाईल एवढा खड्डा. पुढच्या सहांत मेण काचेपासून सुटलं आणि बाहेरून ओल धरलेल्या भिंतीसारखे डाग दिसायला लागले. मेणाच्या पिशवीवर लिहिलं होतं की साठच्या खाली आल्यावर ओता. मी अठ्ठावन्नला ओतत होतो, प्रत्येक वेळी. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी आकडा एकदा बघत नाही. बघतो, डोळे मिटतो, पुन्हा बघतो. मेण बदललं, ग्लास आधी कोमट करून घेतले, पंखा बंद ठेवला, खिडकी लावून घेतली, आई घामाने चिंब. मला वाटत राहिलं की ढवळताना माझाच हात चुकतो आहे. दोन महिने असंच वाटत होतं. मग एका रविवारी मी नुसतं पाणी उकळायला ठेवलं आणि त्यात तुमचा थर्मामीटर धरला. पाणी खळाखळा उकळत होतं आणि पारा चौऱ्याण्णववर थांबला. पाच मिनिटं धरला, तरी चौऱ्याण्णवच. म्हणजे मी ज्याला अठ्ठावन्न म्हणत होतो ते चौसष्ट होतं.

मग मी त्याचं वरचं टोक खिडकीपाशी नेऊन बघितलं. तिथे काचेवर डिंकासारखा एक चिकट पट्टा आहे, इतकी वर्षं मला तो नुसता मळ वाटत होता. पॅकिंगला लागल्यावर मला कळलं होतं की लॅबवाले चुकीचं दाखवणाऱ्या थर्मामीटरला लाल चिकटपट्टी लावून बाजूला टाकतात. तुम्ही ती पट्टी काढली होती. नखाने खरवडून काढली असणार, कारण कडेला एक लाल तंतू अजून आहे. दहावीला मला विज्ञानात चांगले गुण मिळाले म्हणून तुम्ही तो वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. जेवणाच्या आधी माझ्यासमोर ठेवलात आणि म्हणालात, ‘घे. शास्त्रज्ञ हायस ना. खरा कंपनीचा हाय.’ मी तो उशीखाली ठेवून झोपलो. तो खोटं दाखवतो हे माहीत नसताना तुम्ही आणला असता तर मी काही बोललो नसतो. पण पट्टी तुम्ही तुमच्या हाताने काढलीत.

आणि ही काही एकच गोष्ट नव्हती, म्हणून राग आहे. तुम्ही ऑपरेटर होतात आणि तुमच्या केटलचा, म्हणजे रसायनं शिजवायच्या त्या बंद भल्या मोठ्या भांड्याचा, दर तासाला पारा बघून शीटवर लिहायचा, हे तुमचं काम होतं. तुम्ही कधी तापमानाचा काटा बघत नव्हतात. केटलला जाणाऱ्या पाइपला हाताची पालथी बाजू लावायचात आणि तेवढ्यावर भागवायचात. तुमचं अक्षर वाईट. साहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, की ही शीट आहे की कोंबडी नाचली आहे. त्या दिवशी तुम्ही कोरी शीट चौघडी करून खिशातून घरी आणलीत आणि माझ्यासमोर ठेवलीत. मी तेव्हा दहावीत होतो. ‘तुजं अक्षर साहेबाला आवडंल,’ म्हणालात. सकाळच्या पाळीचे बारापर्यंतचे रकाने मी आदल्या संध्याकाळी भरायचे, दुपारी बाराला साहेब फेरीवर येऊन सही करणार, त्यानंतरचे दोन-तीन आकडे तुम्ही तिथेच कसेबसे लिहिणार. मी विचारलं, ‘पण उद्याचा पारा आज कसा लिहायचा?’ तुम्ही हसलात. ‘ऐंशी ते शहाऐंशी. त्याच्यात काय पण लिव.’

मी सगळीकडे त्र्याऐंशी लिहिलं. तुम्ही चष्मा पुसून बघितलंत आणि शिकवलंत. ‘सगळं सारकं नको. जरा खाली, जरा वर. खऱ्या केटलीला काय एका जागी बसायची सवय नसते. बघणाऱ्याला खरं दिसलं पायजे.’ असं शिकवणारा बाप मी दुसरा बघितलेला नाही. दुसऱ्या मुलांचे वडील त्यांना पोहायला शिकवत होते, जाळं विणायला शिकवत होते, एडवणच्या माझ्या मित्राला त्याच्या वडिलांनी होडीचं यंत्र उघडून दाखवलं होतं. तुम्ही मला खोटा आकडा खरा कसा दिसतो ते शिकवलंत. एकदा मी हौसेने एका रकान्यात एक्याण्णव लिहिलं, म्हटलं एखादा दिवस तापलेलाही असेल. तुम्ही शीट टराटरा फाडलीत आणि माझ्या पाठीत धपाटा घातलात. ‘नव्वदच्या वर गेलं की साहेब विचारतो. विचारलं की बघावं लागतं. मग कोण बघनार, तू?’ आई ओट्याशी भाकरी थापत होती, तिने फक्त एवढंच ऐकलं की अभ्यासात माझं काही चुकलं. तिला कधीच कळलं नाही की आम्ही दोघं काय लिहितो. तिला वाटायचं तुम्ही मला कंपनीचं काम समजावून देता.

मग ते झालं. अकरावी सुरू झाली होती, मी पालघरला जायला लागलो होतो. तुमच्या हाताखाली एक मदतनीस होते, वाणगावच्या आतल्या गावातले, मी त्यांना काका म्हणायचो. नेहमी खिशात भाजलेले शेंगदाणे असायचे, आमच्या घरी आले की निम्मे माझ्या हातावर ठेवायचे. बाराला साहेब येऊन गेले. शीटवर बाराच्या रकान्यात मी लिहिलेलं चौऱ्याऐंशी होतं, त्याखाली त्यांनी सही केली. काट्याकडे त्यांनीही बघितलं नाही. त्यानंतर तुम्ही काकांना केटलचं वरचं झाकण उघडून पावडर टाकायला सांगितलंत. आतलं सगळं उसळून बाहेर आलं आणि काकांचा उजवा हात कोपरापासून तळव्यापर्यंत भाजला. चौकशी झाली. चौऱ्याऐंशीला पावडर थोडी थोडी टाकली तर उसळत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. शीट चौऱ्याऐंशी म्हणत होती आणि तिच्यावर साहेबांची सही होती. म्हणजे मग काकांनीच पिशवी एकदम उलटी केली असणार. तसं कागदावर लिहिलं गेलं. हात बरा झाल्यावर त्यांना परत कामावर घेतलं नाही.

त्या दिवशी तुम्ही घरी आलात, हातपाय धुतलेत, सुक्या बोंबलाची चटणी आणि भाकरी खाल्लीत. आई पाणी भरायला खाली गेल्यावर मला म्हणालात, ‘शीट बरोबर व्हती म्हणून वाचलो.’ मी विचारलं, खरं किती होतं. तुम्ही पाणी पीत होतात. पेला खाली ठेवून म्हणालात, ‘शंभरच्या वर असंल. मी काय बघितलं नाय.’ मी आणखी काही विचारेन असं तुम्हाला वाटलं असावं, कारण तुम्ही लगेच म्हणालात, ‘आता तू कुठं बोलू नको.’ मी कुठेही बोललो नाही. एवढा आज्ञाधारक मी दुसऱ्या कुठल्याच बाबतीत नव्हतो.

कॉलेज मी का सोडलं हे तुम्ही सगळ्यांना सांगत फिरलात, ‘पोराला झेपलं नाय.’ झेपलं होतं. प्रयोगशाळेत सर म्हणायचे, निरीक्षण घ्या आणि वहीत लिहा. बाकीची मुलं एकदा बघायची आणि लिहून मोकळी व्हायची. मी एकच आकडा पाच-सहा वेळा बघायचो आणि तरी लिहिताना हात थांबायचा, वाटायचं हा मी बघितलेला आहे की मनाने लिहितो आहे. तास संपायचा, माझी वही अर्धी. चार महिन्यांत माझं एकही प्रयोगाचं पान पूर्ण झालं नाही. तुम्हाला ती वही दाखवली तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘आकडे तर लिवायचेत, त्याच्यात काय एवडं. तू तर हुशार हायस त्यात.’ तेव्हा मला जे वाटलं ते आत्तापर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं की तुमच्या अंगावर वही फेकावी. फेकली नाही. पुढच्या सोमवारी तुम्ही मला पॅकिंगला लावून दिलंत. मग दोन वर्षांत तुमच्या छातीनं दगा दिला. दवाखान्यात शेवटी शेवटी तुम्ही माझा हात धरून म्हणालात, की अक्षर चांगलं हाय तुजं, ते सोडू नको. मी तुमची उशी सरळ केली. आजारी माणसाला काय बोलणार.

आता हे सगळं पुन्हा का निघालं, ते सांगतो. काका हल्ली एका सोसायटीच्या गेटवर दिवसपाळीला बसतात. आईला बाजारात भेटले. त्यांच्या बायकोने मोबाइलवर मेणबत्त्यांचा व्हिडिओ बघितला होता आणि तिला घरी करून बघायच्या होत्या. तिला घर सोडून येता येत नाही, म्हणून शिकायला काका. आईने मला न विचारता सांगून टाकलं, ‘भाऊ, सुट्टीला या. आमचा पोरगा शिकवंल. तुमी काय परके हाय का?’ घरी येऊन मला म्हणाली, ‘तुज्या बाबांचा माणूस हाय. नीट शिकव.’ मी हो म्हटलं.

ते येतात. केस पिकले आहेत, बाकी तसेच. खिशात शेंगदाणे असतात. उजव्या हाताची कातडी चकचकीत आणि आवळलेली, कागद चुरगळून पुन्हा सरळ केल्यासारखी. त्या तळव्याला त्यांना गरम कळत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी तोटीचं भांडं त्या हाताने तसंच उचललं, फडकं न घेता, आणि आई ओरडली. ते हसले. ‘वयनी, ह्यो हात आता उसना आणल्यावानी हाय, काय पण सोसतो.’ मग मला म्हणाले, ‘बाळा, मला काय कळायचं नाय किती तापलंय ते. तू आकडा सांग. तुज्या आकड्यावर ओततो मी.’ मी नवा डिजिटल थर्मामीटर आणला होता, तो उकळत्या पाण्यात आणि बर्फात तपासून घेतला होता, आणि तरी त्यांनी असं म्हटल्यावर मी तो पुसून पुन्हा मेणात बुडवला. मी म्हणालो, ‘अठ्ठावन्न, काका.’ आणि पुन्हा बघितलं. आणि पुन्हा.

आकडा सांगितला की काका ओतायला घेतात. आणि ते इतकं हळू ओततात की काय सांगू. थेंब, थेंब, थेंब. मध्ये थांबतात, ग्लासात डोकावून बघतात, परत एक थेंब. अर्धा ग्लास भरायच्या आत भांड्यातलं मेण तोटीशी गोठायला लागतं. ग्लासातही थरावर थर बसतात, जत्रेतल्या रंगीत बाटलीसारखे. तीन सुट्ट्या असंच झालं. आई म्हणाली, ‘भाऊ, मेण हाय ते, गंगाजल नाय. ओता की.’ काका कपाळ पुसत म्हणाले, ‘नाय वयनी. मला घाई करायची नाय. माज्या हाताला एकदम टाकायची खोड हाय. एकदा नडलीय ती.’

ते अगदी सहज म्हणाले. जसं कुणी म्हणतं की मला गोड सोसत नाही. आई मान हलवून पुन्हा कोथिंबीर निवडायला लागली. मी मात्र तिथे उभा होतो, हातात थर्मामीटर, आणि मला पहिल्यांदा कळलं की काय झालं आहे. इतकी वर्षं मी समजत होतो की काकांना खरं माहीत आहे आणि ते बिचारे बोलत नाहीत, गरिबाचं कोण ऐकणार म्हणून. तसं समजून मला थोडं बरं वाटायचं, की निदान ते तरी फसलेले नाहीत. पण त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी शीटवर विश्वास ठेवला होता. स्वतःच्या हातावर नाही, माझ्या अक्षरावर.

त्या दिवशी मी उरलेलं मेण ओतून टाकलं. मला बरं नाही असं सांगून पुढची सुट्टी टाळली. त्याच्या पुढची टाळता आली नाही. काका आले, त्यांनी बायकोने दिलेली शेवग्याची शेंग आईच्या हातात दिली आणि भांड्यात मेण टाकलं. मी ढवळत होतो. मी तिकडेच बघत म्हणालो, ‘काका, ती शीट माझ्या हातची होती.’

‘कुठली शीट?’

‘तुमचा हात भाजला त्या दिवशीची. आदल्या संध्याकाळी मी इथे बसून लिहिलेली. बाबा आकडा सांगायचे, मी लिहायचो. रोज.’

आईने मागून विचारलं, ‘काय लिवायचास?’ काकांनी हातातली आइस्क्रीमची काडी ग्लासावर आडवी ठेवली, नीट मधोमध.

‘म्हंजे ते चौऱ्याऐंशी...’

‘कुणी बघितलंच नव्हतं. बाबा म्हणाले होते, खरं शंभरच्या वर असेल.’

‘शंभर.’ ते आपला तळवा बघत होते. ‘मग मी पिशवी उलटी नाय केली?’

‘नाही, काका.’

‘मी डावानं, मोठ्या पळीनं टाकीत व्हतो,’ ते म्हणाले. माझ्याशी बोलत नव्हते. ‘डावानं. तीन डाव झालेले, चौथा हातात. मला असं आठवायचं पयल्यांदा. मग सायबांनी कागद दाखवला. इतका चांगला लिवलेला कागद, एक खाडाखोड नाय. मी म्हटलं, एवडा शिकलेला माणूस खोटं कशाला लिवंल. माजंच डोकं फिरलं असंल. बायकोला सांगितलं, माजी चूक. पोरीच्या सासरी सांगितलं. बारा वर्सं मी घरात डाळीत मीठ टाकत नाय, बायकोला सांगतो तू टाक.’ मग त्यांनी मान वर केली. ‘तुजा बाप दवाखान्यात केळी घेऊन आलेला मला भेटायला. पलंगावर बसला. म्हणाला, व्हतं असं, मनाला लावून घेऊ नको.’

आई उठून उभी राहिली होती. तिच्या हातात अजून ती शेंग होती. ‘भाऊ, बसा जरा,’ ती म्हणाली, पण काका बसले नाहीत. त्यांनी विचारलं, ‘किती झालं आता?’ मी म्हणालो, एकसष्ट. ते म्हणाले, ‘सरक.’ मला बाजूला करून त्यांनी खाली वाकून स्वतः आकडा वाचला. वाचायला वेळ घेतला. मग तोटीचं भांडं उचललं आणि एका झटक्यात ग्लासावर उलटं केलं. मेण ग्लासातून उसळून ओट्यावर, माझ्या सदऱ्यावर, खाली लादीवर आलं. वात आडवी झाली, काड्या पडल्या.

‘हे बघ,’ काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. ‘याला एकदम टाकणं म्हणतात. बघितलंस? आता लिवून ठेव.’

ते चपला घालून गेले. आई आणि मी बराच वेळ लादीवरचं मेण उलथण्याने खरवडत होतो. सोयाचं मेण मऊ असतं, गरम पाण्याने निघतं, हा त्याचा गुण. आईने सगळं विचारलं आणि मी सगळं सांगितलं, म्हणजे जसं काकांना सांगितलं तसंच. ती म्हणाली, ‘पोराच्या हातून असली कामं करून घेतली त्यानं.’ तुम्हाला ती कधी ‘त्यानं’ म्हणायची नाही. ‘ह्यांनी’ म्हणायची, माहीत आहे ना. दुसऱ्या दिवशी तुमच्या फोटोपुढे तिने दिवा लावला नाही. त्यानंतरही नाही. फोटो काढलेला नाही, पुसतेही, पण दिवा नाही. काका तिला बाजारात दिसले तर त्यांनी रस्ता बदलला. त्यांची बायको भेटली, ती म्हणाली, ‘तुमच्या माणसाचं नाव आमच्या घरात काढायचं नाय असं ठरलंय. पण पोराला सांगा, त्याच्यावर आमचा राग नाय. लेकराचा काय दोष, बाप सांगंल ते लिवणार.’

हे आईने मला येऊन सांगितलं, मला बरं वाटावं म्हणून. आणि मला बरं वाटलं. मी दोन दिवस बरा होतो, जेवत होतो, प्रदर्शनासाठी आठ ग्लास ओतले, आठही गुळगुळीत निघाले. तिसऱ्या दिवशी मला तुमचा इतका राग आला की पॅकिंगच्या रांगेत मी तीन पिंपांना उलटी लेबलं चिकटवली. कारण तुम्ही असता तर तुम्ही लगेच म्हणाला असतात, ‘मी कदी आकडा सांगितला रे?’ आणि मला तिथेच गप्प बसावं लागलं असतं. तुम्ही नाही म्हणून मी बोलू शकलो. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही घालता येतं, हे मला आपोआप जमलं, कुणी शिकवायची गरज पडली नाही.

थर्मामीटरबद्दलचा माझा राग जाणार नाही. केळी घेऊन तुम्ही काकांच्या पलंगावर बसलात त्याबद्दलचा तर मुळीच जाणार नाही. शीट घरी आणलीत, मला कामाला लावलंत, तोंड बंद ठेवायला सांगितलंत, हे सगळं तुमचं आणि ते तुमच्याच नावावर राहील. हा कागद पाठवायला पत्ता नाही आणि आईला वाचायला देणार नाही. काकांकडे मी अजून गेलेलो नाही. जायला हवं हे मला कळतं. वाणगाव इथून काही लांब नाही.

तुम्ही मला आकडा कधीच सांगत नव्हतात. ऐंशी ते शहाऐंशी एवढंच म्हणायचात आणि अंघोळीला जायचात. कुठल्या रकान्यात काय घालायचं ते मी ठरवायचो, वाचून बघायचो, पुन्हा बदलायचो, आणि सगळं जुळून आलं की मला छान वाटायचं. त्या दिवशीच्या शीटवर बाराच्या रकान्यात मी आधी ब्याऐंशी लिहिणार होतो. वरच्या रकान्यातही ब्याऐंशी होतं. चौऱ्याऐंशी मला तिथे जास्त खरं वाटलं.